डाव्या हाताचं पाणी

माणदेशाच्या उत्तर अंगाला सावळदऱ्याचा माळ आहे. लांबून पाहणाऱ्याला तिथं काहीच दिसत नाही, आणि हा माळ फिरवून दाखवणाऱ्या मायाप्पातात्यांना राग येतो तो याचाच. दुर्बिणी घेऊन आलेल्या पाहुण्यांना ते आधी खाली बसायला लावतात. मग काळ्या कातळात अडकलेल्या गारगोट्या दिसू लागतात, तरवडाच्या बुडाशी खोकडाचं बीळ दिसतं, आणि मघापासून ज्याला दगड समजत होतो ती घोरपड निघते. "माळ उभ्यानं बघायचा नसतो," असं म्हणून तात्या एकेकाच्या उंची बुटांकडे पाहून घेतात.

सगळ्यात शेवटी ते खडकातल्या वाटीपाशी नेतात. परातीएवढा खळगा आहे, पण दगडगोटे टाकून मुद्दाम बुजवलेला. शेजारी एक उभा धोंडा, त्याच्यापुढं कुणीतरी ठेवलेला भाकरीचा तुकडा. खालच्या अंगाला कपार आहे आणि तिच्यात ऐन उन्हाळ्यातही पाणी असतं. इथल्या धनगरांच्या घरात नवी सून आली की तिला या कपारीवर आणतात, आणि ती सासूला डाव्या हातानं पाणी पाजते. हे ऐकून पाहुणे हमखास चपापतात. डाव्या हातानं, आणि तेही सासूला? तात्या सगळ्यांना पाण्याकडे पाठ करून बसवतात आणि मग सांगायला लागतात.

फार मागची गोष्ट. म्हणे, त्या काळी असा दुष्काळ पडला की बोरीबाभळींनीसुद्धा पानं टाकली. मेंढरं घेऊन निघालेला धनगरांचा एक मेळा या माळावर अडकला. मागच्या विहिरी आटल्या होत्या आणि पुढचं पाणी कुणाला ठाऊक नव्हतं. मेळ्याचा म्होरक्या धुळा, त्याची आई लगमाई, आणि बायको बयना. बयनाच्या पाठीशी झोळीत तान्ही लेक होती. बयनाच्या अंगावरचं दूध आटलं होतं. आधी पोर रडायची, मग नुसती कण्हायची, आणि त्या दिवशी सकाळपासून तिनं आवाजच काढला नव्हता. चालता चालता बयना मागं हात नेऊन तिच्या नाकापाशी बोट धरायची. बोटाला ऊब लागली की पुढचं पाऊल टाकायची.

त्याच दिवशी उघड्या माळावर तिला पखुर्डी दिसली. पारव्याएवढं मातकट पाखरू, बसलं की मातीत मिसळून जातं. नर होता. त्याच्या पोटाखाली पिल्लं चोची खुपसून त्याची पिसं चोखत होती. बयनानं सासूला खूण केली. लगमाई जवळ गेली तसा नर उडाला, आणि खाली पडलेलं एक पीस म्हातारीनं उचलून ओठाला लावलं. पीस ओलं होतं.

पाणी होतं, आणि पाखराला ते ठाऊक होतं. लगमाईनं ते पीस कपाळाला लावलं आणि सगळ्यांच्या देखत बिरोबाला नवस बोलली की, हे पाखरू वाट दावील तर पहिलं पाणी पाखरांचं, आमची माणसं मागनं पितील. तेव्हा साऱ्यांनी माना डोलावल्या. पाणी नजरेपुढं नसताना नवसाला मान डोलावणं सोपं असतं, असं तात्या इथं हमखास म्हणतात.

नर ज्या रोखानं उडाला त्या रोखानं मेळा चालला. सांजेला मोठी वावटळ आली, डोळ्यांत माती गेली, वाटेत काही मेंढरं बसली ती उठलीच नाहीत. पहाट फुटताना पुढं कातळाचा उंचवटा दिसला. त्यावर शेराचं झुडूप, पानांवाचून नुसत्या हिरव्या कांड्यांचं. आणि त्या झुडपाखाली ही वाटी, पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाणी जरा दुधट होतं, पण चुनखडीच्या मुलखात तसं असतंच, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

लगमाई वाटीसमोर काठी आडवी धरून उभी राहिली. पाखरं अजून आली नव्हती.

धुळानं आईला समजावून पाहिलं. नवस पाळण्याची रीत त्याला ठाऊक होती, सगळ्याच धनगरांना ठाऊक असते. ओंजळभर पाणी जमिनीवर सोडायचं, देवाचं नाव घ्यायचं, झालं. लगमाईनं मान हलवली. ओंजळ सोडीन असं ती बोललीच नव्हती. पाखरं आधी पितील असं बोलली होती. तिचं म्हणणं, देवानं काही अर्ध्यावर सोडलं नाही, पाखरू दाखवलं आणि पाणीही दाखवलं. मग आपण शब्द अर्धा कसा पाळायचा?

ऊन वर येऊ लागलं, तरी आभाळात काही हलेना. माणसं आधी कुजबुजली, मग उघड उघड शिव्या देऊ लागली. मेंढरं रेटा देत होती आणि त्यांना आवरता आवरता गड्यांच्या दंडांत गोळे आले. बयनाचं या कशाकडे लक्ष नव्हतं. तिनं पोरीला झोळीतून पुढं घेतलं होतं. नाकापाशी बोट धरलं, आणि या खेपेला ऊब लागायला वेळ लागला.

"आत्ती," ती म्हणाली, "तुमचीच नात हाय. येक थेंब घिऊ द्या."

लगमाईच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण काठी ढळली नाही. बयनानं पोर डाव्या हातावर तोलली, काठीखालून वाकली आणि उजवा हात पाण्यात घातला. पसा भरून ती पोरीच्या तोंडाशी नेणार, तोच म्हातारीची काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या गड्यांनीही ऐकला, असं सांगतात. पाणी खडकावर सांडलं. बयनानं सासूकडे पाहिलं. जगात या बाईइतका कुणाचा राग तिला कधी आला नव्हता आणि पुढंही कधी आला नाही.

त्या गलक्यात मेळ्याचा राखणा कुत्रा पुढं सरला आणि वाटीत तोंड घालून लपलप प्यायला. त्याला हाकलायचं कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात पाखरं आली. पखुर्ड्यांचा थवा माळावरून सरळ आला, वाटीवर एक घिरटी घातली, आणि माणसं बघून माघारी वळला. धुळानं कपाळावर हात मारला. लगमाईच्या ध्यानात आलं की पाखराला काठीचं भय नाही, डोळ्यांचं आहे. तिनं साऱ्यांना पाण्याकडे पाठ करून खाली बसायला सांगितलं, आणि स्वतःही बसली. आता बयनाला अडवायला कुणी नव्हतं. हात लांबवला असता तर पाणी मिळालं असतं. पण उजवा हात उचलत नव्हता आणि डाव्यावर पोर होती. तीही पाठ करून बसली.

मागं पंखांची फडफड झाली. पाखरं उतरली. बयना कान देऊन ऐकत राहिली, कारण ती उडून गेली की आपली पाळी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. खडकावर नखं वाजली, वाटीपाशी आली, थांबली. आणि मग तो आवाज वाटीपासून लांब गेला. खाली, डाव्या अंगाला. तिथून चोची बुडवल्याचा बारीक चुबुकचुबुक आवाज येऊ लागला.

"वाटीत न्हाईत," बयना हळूच म्हणाली. "खाली कपारीत पित्यात."

थवा उडाल्यावर सगळे वळले. कुत्रा वाटीशेजारी आडवा झाला होता. तोंडाला फेस आला होता, पाय झाडत होता, आणि बघता बघता तो थंड झाला. तेव्हा कुठं माणसांनी मान वर करून नीट पाहिलं. सांजेच्या वावटळीनं शेराच्या फांद्या मोडल्या होत्या, आणि त्यांचा पांढरा चीक रातभर वाटीत ठिबकत होता.

बयना कपारीपाशी घसरत गेली. पोरीला घोट गिळवणार नाही हे तिला दिसत होतं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, जवळच्या मेंढीच्या अंगची लोकर डाव्या मुठीनं उपटली, स्वच्छ पाण्यात बुडवली आणि पोरीच्या ओठांत धरली. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग ओठ हलले. पोर चोखू लागली.

सारा मेळा लगमाईच्या पायांवर पडायला धावला. मघाशी शिव्या देणारे सगळ्यांत पुढं होते. म्हातारीला सगळं आधीच कळलं होतं, तिच्या अंगात देव आला होता, असं जो तो बोलू लागला. लगमाईनं पाय मागं घेतले.

"मला कायबी ठावं नव्हतं," ती म्हणाली. "पानी ग्वाड असतं, तरीबी मी मारलंच असतं."

लगमाई कपारीपाशी आली, सुनेपुढं खाली बसली, आणि तिचा मोडलेला उजवा हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या कपाळाला लावला. तशीच बसून राहिली. बयना तिच्याकडे बघत नव्हती. पोरीचं चोखणं थांबेपर्यंत तिनं लोकर धरून ठेवली. पोर झोपली. मग तिनं डाव्या हातानं कपारीतलं पाणी घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि सासूच्या तोंडाशी नेलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. जन्मभर म्हणाली नाही, असं सांगतात.

त्यांनी वाटी बुजवली, कुत्र्याच्या नावानं धोंडा उभा केला. ती पोर जगली, आणि मायाप्पातात्या तिच्या वंशातले. हे ते सगळ्यांत शेवटी सांगतात, जरा तोऱ्यातच.

आजही सावळदऱ्याच्या कपारीवर आधी पाखरं पितात आणि माणसं पाठ करून बसतात. आजही नव्या सुनेचा उजवा हात सासू आधी आपल्या कपाळाला लावते, आणि मग सून तिला डाव्या हातानं पाणी देते. कुणी लगेच देते, कुणी पाणी हातात धरून थोडा वेळ थांबते. सासूनं तोंड पुढं करायचं नाही, लवकर दे म्हणायचं नाही. खाली बसून वाट बघायची.