आठ वाफ्यांच्या गोगलगायी

पूर्वी कुसुंभनगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. राजाने कारागिरांच्या आळीला भाजीपाल्यासाठी नगराबाहेरची एक गोल जागा दिली होती. मधोमध विहीर, भोवती आठ घरांचे आठ वाफे. अट एकच होती. शरद पौर्णिमेला अरण्यातले तापस नगरात येत, त्यांना या मळ्यातली भाजी वाढायची. भाजी नसेल तर जागा हत्तीशाळेकडे जाईल.

त्या वर्षी पाऊस हटेना आणि मळाभर गोगलगायी झाल्या. पिंगल सुतार रोज पहाटे आपल्या वाफ्यात शिरे, गोगलगायी वेची आणि बांधापलीकडे, उजवीकडच्या वाफ्यात भिरकावून देई. तो वाफा सोमिलचा. पिंगलला यात काही गैर वाटत नसे. आळीत सगळेच तसे करीत, शिवाय जीव न मारल्याचे पुण्य वर मिळे. तरी त्याच्या पालेभाजीची दिवसागणिक चाळण होत होती. मग तो डावीकडच्या शेजाऱ्याच्या नावाने बोटे मोडी. "हा आपल्या वाफ्याकडे बघत नाही आणि निस्तरायचं आम्ही," असे तो विहिरीवर सगळ्यांना सांगे.

शरद ऋतू जवळ आला. पौर्णिमेला महिना उरला आणि पिंगलच्या वेलावर एकच दुधी राहिला. मळा गेला तर घरात कोरड्या भाताखेरीज काही मिळणार नव्हते.

एके सकाळी त्याने फेकलेली गोगलगाय थेट सोमिलच्या डोक्यावर पडली. सोमिल रागावला नाही. तो गेरूची वाटी घेऊन बांधाशी आला.

"दादा, तुमच्याकडच्या पाहुण्या कोणत्या ते ओळखू येत नाही. पाठीवर एकेक टिपका लावून पाठवाल का?"

हा माणूस म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय, असे पिंगलला वाटले. "आणि तू त्यांचं काय करणार?"

"रीतीप्रमाणे पुढे पाठवीन."

पिंगलने तेवीस टिपके लावले. हाडाचा सुतार तो, प्रत्येक टिपका अगदी मधोमध लावला. मग नेम धरून एकेक फेकली.

आठव्या सकाळी त्याच्या दुधीवरून एक तांबडा टिपका वर चढत होता. देठाशी दुसरा होता, पानाखाली तिसरा. डावीकडच्या शेजाऱ्याला शिव्या द्यायला त्याने तोंड उघडले, पण टिपके अगदी मधोमध होते. इतका नेमका टिपका आळीत दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. विहिरीवरची माणसे पोट धरून हसली. मग एकेकाला आपणही फेकलेल्या गोगलगायी आठवल्या आणि हसू ओसरले.

"दादा," सोमिल म्हणाला, "यांना सगळा मळा फिरायचा होता. आपण उचलून नेतो, म्हणून पायही दुखत नाहीत."

त्याने विहिरीपाशी एक मोठे मडके ठेवले. ज्याने त्याने गोगलगायी त्यात आणून टाकायच्या आणि रोज एकाने त्या ओढ्यापलीकडच्या पाचोळ्यात सोडून यायच्या. पहिल्या दिवशी मडके कोणी न्यायचे यावर मोठा वाद झाला. पिंगलने ते खांद्यावर घेतले. चार दिवसांत मडके भरेनासे झाले, तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने मेथी आणि मुळा पेरला.

पौर्णिमेला तापसांच्या पानात मेथी पडली, मुळ्याचा पाला पडला आणि कुरतडलेल्या एका दुधीची बरीच पातळ भाजी पडली. हत्तीशाळेचा अधिकारी हत्ती घेऊनच आला होता. त्याने आठ हिरवे वाफे पाहिले, हत्तीला पाल्याची एक जुडी चारली आणि तो परत गेला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात सांगितली, कारण त्या सकाळी वारण नावाच्या भिक्खूने आपल्या कुटीपुढचा पाचोळा शेजारच्या दारात लोटला होता आणि विचारल्यावर वाऱ्याकडे बोट दाखवले होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा पिंगल म्हणजे हा वारण. ती आळी म्हणजे हा संघ. आणि सोमिल कुंभार म्हणजे मी."

वारण उठला आणि पाचोळा टोपलीत भरू लागला. निम्मी पाने त्याच्या दारच्या झाडाची नव्हतीच. तीही त्याने उचलली. मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीभावाची परिपूर्णता, म्हणतात ती हीच.