विहिरीच्या काठावरचा जादा जोड

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका संतापला, की विद्या अर्धवट टाकून निघून जावे असे त्याच्या मनात आले. राग अकारण नव्हता. महिनोन् महिने खपून केलेले त्याचे काम गुरूंनी त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकले होते.

गुरू वृद्ध होते. संगणकाच्या अगदी तळाशी जो मूळ प्रोग्राम चालतो आणि ज्याच्या आधारावर बाकीचे सारे उभे असते, त्याला त्या विद्येत कर्नल म्हणतात. त्यातले दोष शोधणे हेच गुरूंचे आयुष्यभराचे काम होते. एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडे तक्रार आणली. तो इस्पितळांना पंप पुरवीत असे, रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे. ते अधूनमधून चालता चालता बंद पडत, आणि त्यापायी एक बाळंतीण मरता मरता वाचली होती.

शिष्याने दोष हुडकला. कर्नलमध्ये प्रत्येक कामासाठी मेमरीत एक जागा राखली जाते आणि ती किती जण वापरत आहेत, याचा आकडा तिच्यापाशीच असतो. वापरायला घेणाऱ्याने तो एकाने वाढवायचा, सोडणाऱ्याने एकाने उतरवायचा. शून्य झाला, की जागा मोडून दुसऱ्या कामाला द्यायची. पंपात मात्र आकडा शून्य होऊन जागा मोडली जाई, तरी कोणीतरी तिच्यात वावरतच असे. मग सारा गोंधळ उडे.

शिष्याने यावर तोड काढली. त्याने आरंभालाच आकडा एकाने जादा वाढवून ठेवला, कोणीही कधीही न उतरवण्यासाठी. शून्य व्हायचेच नाही, तर जागा मोडणार कशी? पंप बंद पडायचे थांबले आणि व्यापारी पेढे घेऊन हजर झाला.

गुरूंनी ती दुरुस्ती वाचली, आणि पुसली. पेढ्यांना त्यांनी हातही लावला नाही.

"अहो गुरुजी, पंप चालत होते!" शिष्य ओरडला.

"चालत होते. आत न सांगता वावरणारा कोण होता?"

"ते नाही सापडलं. पण आता सापडून करायचंय काय?"

"तेच तर करायचं होतं."

व्यापारी भडकला. "तुमचं तत्त्वज्ञान होतं गुरुजी, आणि माझी अब्रू जाते! पोराने केलं ते तुम्हाला बघवत नाही, असंच समजायचं का मी?"

शिष्याच्या मनात हेच होते, फक्त ते व्यापाऱ्याच्या तोंडून आले. त्याने मान खाली घातली नाही. गुरूंनी दोघांकडे पाहिले आणि पायांत चपला सरकवल्या. "चल," ते शिष्याला म्हणाले, "विहिरीवर जाऊन येऊ."

आवारातली विहीर खोल करण्याचे काम चालू होते. तळाला काळा पाषाण लागला होता, म्हणून सुरुंगाचे बार उडवावे लागत. मुकादम होता यल्लाप्पा, आणि त्याचा एक कडक रिवाज होता. विहिरीत उतरणाऱ्याने आपल्या चपला काठावर काढून ठेवायच्या, वर आल्यावर स्वतःच्याच उचलायच्या. काठावर एक जोड जरी दिसला, तरी बॅटरीला वायर लागायची नाही.

बार भरून झाले होते. माणसे एकेक करून वर येऊ लागली. तेवढ्यात गुरूंनी आपल्या चपला हळूच काढल्या, काठावरच्या चपलांत ठेवल्या आणि ते अनवाणी बाजूला जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याचे हे काय नवे, असे शिष्याला झाले.

प्रत्येकाने आपापला जोड उचलला. एक जोड उरला.

"कुनाच्या ह्या?" यल्लाप्पा गरजला. कोणी बोलेना. त्याने विहिरीत डोकावून हाक मारली, पण धुळीने तळ दिसत नव्हता आणि शेजारी पाणी उपसणाऱ्या पंपाच्या घरघरीत काही ऐकूही येत नव्हते. त्याने शिव्या हासडत शिडीवर पाय ठेवला. बार भरलेल्या विहिरीत तो स्वतः उतरायला निघाला होता.

शिष्याला राहवले नाही. "मुकादम, थांबा! त्या गुरुजींच्या आहेत. आत कोणी नाही!"

यल्लाप्पा वळला. त्याचा चेहरा तांबडाबुंद झाला होता. "म्हातारपनी चेष्टा सुचतीया व्हय? इथं मानसांच्या जिवाचा हिशेब असतोय त्या चपलांवर! पुन्हा ह्या काठाला दिसलात, तर वय बघनार न्हाई मी!"

"चुकलो," गुरू म्हणाले. त्यांनी हात जोडले, चपला उचलल्या आणि शिष्याकडे वळले. "बघितलंस? माझ्या एका खोट्या जोडाने सगळं काम अडलं. तू असा जोड प्रत्येक पंपात ठेवलास. रुग्ण बदलला की नवी जागा राखली जाणार, आणि जुनी कधीच सुटणार नाही. हळूहळू मेमरी भरेल. मग एक दिवस पंप बंद पडेल, आणि तेव्हा कोणाला कारणही कळणार नाही."

काठ आता मोकळा होता. यल्लाप्पाने शिट्टी फुंकली, माणसे लांब पळाली. त्याने वायरीची टोके हातात घेतली.

आणि शिडीच्या टोकाशी एक डोके वर आले.

तो भिवा होता, त्यांच्यातलाच एक मजूर. विसरलेली पहार आणायला तो मागे राहिला होता. त्याच्या पायांत चपला होत्या.

यल्लाप्पाच्या हातातली वायर गळून पडली. मग शिष्यच उसळला, इतका वेळ दाबलेला सगळा राग घेऊन. "बघा गुरुजी! तुमच्या जादा जोडाने उशीर केला, म्हणून हा वाचला! आणि माझा जोड तुम्ही पुसलात!"

गुरूंचा चेहरा पांढरा पडला होता. असे काही घडेल, हे त्यांच्याही मनात नव्हते. "वाचला," ते म्हणाले. "तुझ्या पंपांनाही तसंच वाचवलंस तू. पण मी शहाणपणा शिकवायला आलो होतो, आता माझ्याकडे बघू नकोस. तिकडे बघ, मुकादम काय करतोय."

यल्लाप्पाने काठावर कायमचा जादा जोड ठेवायला सांगितले नाही. त्याने भिवाची गचांडी धरली होती. "चपला घालून उतरलास? का उतरलास?"

"दगडाच्या कपच्या टोचत्यात, मुकादम. वाटलं, एका मिंटाचं तर काम हाय."

"एका मिंटात मानूस मरतो, भाड्या!" यल्लाप्पा कडाडला. त्याचे डोळे भरून आले होते. मग तो बाकीच्यांवर फिरला. अजून कोण कोण असे उतरते, ते त्याने दरडावून वदवून घेतले. तिघांनी माना खाली घातल्या. तळाला गोणपाट अंथरायची आज्ञा झाली, आणि त्या दिवसापासून चपला काढल्याखेरीज शिडीला हात लावायची कोणाची प्राज्ञा उरली नाही.

शिष्य परत आपल्या कामाच्या जागी आला. त्याचा राग गेला नव्हता. तो आता गुरूवर नव्हता, एवढेच.

त्याने कर्नल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आता तो फक्त चपला घालून उतरणाऱ्याला शोधत होता, आणि तो सापडला. धोक्याची घंटा वाजवणारा भाग औषध सोडण्याच्या कामासाठी राखलेल्या जागेत डोकावून जाई आणि आकडा वाढवीत नसे. ज्याने तो लिहिला, त्याला वाटले असेल, एका क्षणाचे तर काम. शिष्याने त्या भागाला आधी आकडा वाढवायला लावले, मग आत जायला, आणि बाहेर पडताना तोच उतरवायला.

व्यापारी आला. त्याने सारे ऐकून घेतले आणि मान डोलावली. "उत्तम. पण तो जादा आकडाही राहू दे की. असला तर बिघडतं काय?"

"शेठ," शिष्य म्हणाला, आणि त्याचा आवाज यल्लाप्पासारखा चढला, "कोण आत आहे हे ज्याला शोधायचं नसतं, तोच काठावर खोटा जोड ठेवतो. बाळंतिणीच्या उशाशी तुमचा पंप असतो. तिथे मी असलं काही ठेवणार नाही!"

व्यापारी नवी दुरुस्ती घेऊन निघाला. कोपऱ्यात पेढ्यांचा पुडा तसाच पडला होता. गुरूंनी तो उघडला, एक पेढा उचलला आणि अर्धा शिष्याच्या हातावर ठेवला. पेढा वाळला होता. दोघांनी तो सावकाश खाल्ला.