बांधावरची इरली

आमच्या गावात भातलावणी इर्जिकीनं होते. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. सगुणाकाकीच्या पाळीला दाजीसाहेबांनी मात्र नुसती छत्री पाठवली. गड्यानं ती बांधावर रोवली आणि निरोप दिला, "साहेब म्हणतात, छत्री आली म्हणजे मीच आलो."

त्यांचं बघून त्यांचे भाऊबंदही फिरकले नाहीत. अर्धं शेत तसंच राहिलं आणि उपटलेलं रोप उन्हात पिवळं पडलं. 

तिसऱ्या दिवशी दाजीसाहेबांची पाळी. रोपाच्या जुड्या पडून होत्या, बांधावर पावसात डोक्यावर घ्यायची चौदा इरली ओळीनं मांडली होती आणि माणूस एकही नव्हता. ते तणतणत काकीच्या अंगणात आले. आम्ही सगळे तिथंच बसलो होतो.

"लाज नाही वाटत? लावणी कोण करणार?"

"चौदा जण सकाळपासून तुमच्या बांधावर आहेत की," काकी कडाडली. "तुमची एकटी छत्री माझी लावणी करते, मग चौदा इरल्यांना तुमची जमणार नाही होय?"

दाजीसाहेबांनी धोतर खोचलं. आपल्याच रोपाच्या जुड्या डोक्यावर घेऊन ते आधी काकीच्या चिखलात उतरले. मगच आम्ही आमची इरली उचलली.