तांदळात उघडलेली फाइल

एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा होता. बाकी सगळे शहाणे. इतके शहाणे, की आपल्यात हा एकच भोळा कसा निपजला याचं त्यांना नवल वाटायचं. भोळ्याचं नाव नारबा. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. ही सवय गावात दुसऱ्या कुणाला नव्हती, म्हणून लोक तिला खूळ म्हणत.

नारबाच्या आईचं नाव सुमन, पण गाव तिला नारबाची आई म्हणूनच ओळखे. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

नारबाला नोकरी होती गोदाक्कांच्या वधूवर मंडळात. गोदाक्का शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. यशवंतअप्पांच्या पिठाच्या गिरणीमागची खोली भाड्यानं घेऊन त्या लग्नं जुळवत. मंडळात एक संगणक होता. बंगळुरूच्या भाच्यानं जाताना त्यावर पर्ल नावाच्या भाषेत सगळी व्यवस्था लावून दिली होती आणि ती भाषा मावशीला फोनवरून शिकवली होती. वरांचं एक फोल्डर, वधूंचं एक फोल्डर, आणि आत एकेकाची फाइल. गोदाक्कांना वयामुळं बारीक अक्षर दिसेना, म्हणून हुकूम द्यायचा त्यांनी आणि टाइप करायचा नारबानं.

गिरणी आणि मंडळ यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता पत्रा होता. पलीकडं गिरणी चालवायची अप्पांची मुलगी. तिचंही नाव सुमन. गिरणी बंद असली की मंडळातलं सगळं तिला ऐकू जायचं. आणि ती हसली की ते नारबाला ऐकू यायचं. ते हसणं नारबाला फार आवडे. त्यानं एकदा धीर करून गोदाक्कांना विचारलं, की माझी फाइल वरांच्या फोल्डरमध्ये कधी घालणार?

गोदाक्का म्हणाल्या, अक्षय्य तृतीयेला मेळावा आहे, तोवर नीट काम केलंस तर घालीन, आणि अप्पांकडं शब्दही टाकीन. पण घोळ घातलास तर फाइलही नाही आणि नोकरीही नाही.

नारबानं त्या दिवसापासून ठरवलं, की अक्का सांगतील तो शब्द न् शब्द पाळायचा. तिथंच सगळं बिघडलं.

पहिल्या दिवशी कुंभारांच्या मुलाची नवी फाइल लिहायची होती. गोदाक्कांनी फाइल उघडायची ओळ सांगितली, त्यात एक बाणाची खूण होती. नारबानं बाण लावला, फाइल उघडली, माहिती लिहिली, बंद केली. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा मामा माहिती ऐकायला आला. गोदाक्का चहा टाकायला उठल्या आणि म्हणाल्या, काल उघडलीस तशी उघड आणि यांना वाचून दाखव. नारबानं काल उघडली तशीच उघडली.

"काय शिकलाय मुलगा?" मामानं विचारलं.

"काही नाही," नारबा म्हणाला.

"नोकरी?"

"काही नाही."

"अहो, नाव तरी?"

"तेही दिसत नाही."

मामा चहाला थांबला नाही. गोदाक्कांनी कपाळाला हात लावला. अरे, सरळ बाण लिहिण्यासाठी असतो, त्यानं फाइल उघडते आणि उघडतानाच आतलं सगळं पुसून जातं. वाचायचं असेल तर बाण उलटा. मग त्यांनी दुसऱ्याच एका मुलाची माहिती घेतली, नाव बदललं आणि कुंभारांच्या फाइलीत भरली. कुणाला फरक कळला नाही. सगळेच निर्व्यसनी होते.

"नारबा, हे पुढं ध्यानात ठेव," गोदाक्का म्हणाल्या. "लिहिलेलं पुसू नये. दोन बाण लाव, म्हणजे जुनं राहतं आणि नवं त्याच्या शेवटी जोडलं जातं."

नारबानं ते ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात भोइटे सर दोनदा आले. त्यांच्या मुलीचं वय फाइलीत चुकून जास्त पडलं होतं. ते अधूनमधून येत आणि चुकून पडलेलं वय दुरुस्त करून जात. दोन्ही वेळा नारबानं दोन बाण लावले. मुलाकडची माणसं आली तेव्हा बाण उलटा करायला तो विसरला नाही, आणि खणखणीत आवाजात वाचलं, "वय एकतीस. वय एकोणतीस. वय सत्तावीस."

मुलाची आजी म्हणाली, थोडं थांबलो तर पाळण्यात येईल पोर. पत्र्यापलीकडून हसू आलं. भोइटे सर त्यानंतर मंडळाच्या रस्त्यानं गेले नाहीत, लांबून जायचे.

"अरे, जुनं झालं की ते काढून टाकायचं असतं," गोदाक्का म्हणाल्या. "जुनं कशाला सांभाळायचं? उडवायचं. हे पुढं ध्यानात ठेव."

नारबानं ते ध्यानात ठेवलं. गोदाक्का दुपारी जरा पडल्या तेव्हा त्यानं मंडळातलं जुनं शोधलं. सगळ्यात जुनं होतं ते प्रौढ वरांचं फोल्डर. आतले लोक मंडळ स्थापन झाल्यापासून तिथं होते. नारबानं एकेक फाइल उडवली. भरलेलं फोल्डर पर्लला उडवता येत नाही, आधी ते रिकामं करावं लागतं. तेही त्यानं नीट केलं. मग फोल्डरही उडवलं.

त्या फोल्डरमध्ये विलास पवार होते. विलास पवार म्हणजे मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेबांचे मेहुणे. मुलगी बघायला जाताना ते मिशीला काळं लावत, आणि घाम आला की ते गालावर उतरत असे. तात्यासाहेब संतापून आले. नशिबानं गोदाक्कांनी एका पेनड्राइव्हवर सगळ्याची प्रत ठेवली होती. होतं तसं परत आणू, त्या म्हणाल्या. तात्यासाहेब म्हणाले, आणताच आहात तर प्रौढांमध्ये नको, तरुणांमध्ये घाला, मनानं तो तरुणच आहे.

गोदाक्कांनी नारबाला बजावलं, की फाइल जशीच्या तशी आण, तिच्या नावातला काना-मात्रासुद्धा बदलू नकोस.

नारबानं तसंच केलं. तरुणांच्या फोल्डरमध्ये आधीपासून एक विलास पवार होता. कोल्हापूरला इंजिनियर, उंच, गोरा. म्हाताऱ्या विलास पवारांची फाइल त्याच नावानं आत गेली आणि तरुण विलास पवार गुपचूप नाहीसा झाला. पर्लनं हूं की चूं केलं नाही. रविवारी साताऱ्याहून मुलीकडचे इंजिनियर बघायला आले आणि त्यांच्यासमोर तात्यासाहेबांचे मेहुणे पोहे खात बसले. दिवस उकाड्याचा होता. मुलीच्या बापानं त्यांच्या गालाकडं बघितलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

त्या दिवशी गोदाक्का चिडल्या नाहीत, नुसत्या दमल्या. त्यांनी खुर्ची ओढून नारबाला शांतपणे समजावलं.

"एका फोल्डरमध्ये एका नावाची दोघं राहत नाहीत, बाळा. नवा आला की जुन्याला गिळतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. पहिल्याला तसंच ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या नावापुढं दोनचा आकडा लावायचा. एवढं तरी मरेपर्यंत विसरू नकोस."

नारबानं ते इतकं ध्यानात ठेवलं, की रात्री झोपेतही तो दोनचा आकडा काढू लागला.

मेळावा जवळ आला. वरांना निमंत्रणं धाडायची होती. फोल्डर उघड, आत जेवढी नावं दिसतील तेवढ्यांना पत्र टाक, असा हुकूम झाला. फोल्डर उघडलं की पर्ल बहुधा सगळ्यात आधी दोन नावं दाखवते. एक नुसतं टिंब आणि दुसरं दोन टिंबं. नारबानं पत्रं टाकली. पोस्टमननं दोन पत्रं परत आणली आणि चष्मा काढून विचारलं, की हे श्रीयुत टिंब राहतात कुठं? आणि श्रीयुत टिंब टिंब त्यांचे कोण?

पत्र्यापलीकडं सुमनला ठसका लागला.

गोदाक्का म्हणाल्या, एक टिंब म्हणजे ते फोल्डर स्वतः, आणि दोन टिंबं म्हणजे ते ज्याच्या पोटात आहे ते फोल्डर. घरातली माणसं मोजताना आपण घर मोजतो का? गल्ली मोजतो का? यादी वाचताना पहिली दोन सोडायची, हे पुढं ध्यानात ठेव.

मेळाव्याच्या दिवशी मांडव खचाखच भरला. गोदाक्कांचा घसा बसला होता, म्हणून कार्यक्रमाची यादी नारबाच्या हातात दिली. यादीत पहिलं होतं जिल्ह्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं भाषण. दुसरं तात्यासाहेबांचं. नारबानं पहिली दोन सोडली आणि माईकवर जाहीर केलं, "चहा घ्या."

लोक चहाला उठले. पाहुणे भाषणाचे कागद हातात धरून बसून राहिले. तात्यासाहेब दोनदा उभे राहिले आणि दोनदा खाली बसले. आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच मेळाव्यात मुलं मुलींशी बोलली. एरवी भाषणं संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जायची. संध्याकाळपर्यंत इतकी लग्नं जुळली, की गोदाक्का बसलेल्या घशानं नारबाची पाठ थोपटत राहिल्या. भोइटे सरांच्या मुलीचंही जमलं. मुलगा म्हणाला, तीन वयांतलं एक तरी खरं असेल.

गोदाक्का शब्दाच्या पक्क्या. त्या अप्पांकडं गेल्या. अप्पांना जावई जरा भोळा वाटत होता, पण सुमन म्हणाली, की मला हाच पाहिजे. गावातल्या बाकीच्यांना दहादा सांगितलं तरी ऐकू जात नाही. याला एकदा सांगितलं की पुरतं. नारबाची आई येऊन मुलगी बघून गेली आणि पहिल्या भेटीतच पसंत करून गेली. सुमननं नारबाला एकच अट घातली.

"माझं नाव मी बदलणार नाही," ती म्हणाली.

नारबानं ते ध्यानात ठेवलं.

लग्न झोकात झालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि नवरीचं नाव ठेवायची वेळ आली. आपल्याकडं ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नाव लिहितो. नारबाची आई सुनेच्या स्वागताला दारात माप ठेवायचं म्हणून तेवढ्यात पुढं घरी गेली होती.

नारबानं अंगठी हातात घेतली आणि त्याला घाम फुटला. नवरीनं सांगितलंय, नाव बदलायचं नाही. घरात एक सुमन आहेच. एका घरात एका नावाच्या दोघी ठेवल्या, तर नवी आली की जुनी जायची, आणि जुनी तर आई. आईच्या आठवणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला गोदाक्कांचा शब्द आठवला, आणि जीव भांड्यात पडला. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं. गुरुजींनी ताट उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "सौभाग्यवती सुमन दोन."

सगळ्यांच्या माना नारबाकडं वळल्या.

"दोन?" अप्पांनी विचारलं. "मग एक कोण?"

"एक घरी आहे," नारबा म्हणाला.

"कधीपासून?"

"मला कळतं तेव्हापासून."

"आणि तू दुसरी आणतोयस हे तिला माहीत आहे?"

"तिनंच तर पसंत केली. आत्ता पुढं गेलीय, दारात माप ठेवायला."

"आणि या दोघी राहणार कुठं?"

"एकाच घरात. म्हणून तर आकडा लावला. नाही का, अक्का?"

गोदाक्कांनी पुन्हा कपाळाला हात लावला. अप्पांचा हात नवरानवरीच्या उपरण्याच्या गाठीकडं गेला. नारबाला काय चुकलं ते कळेना. गाठ सुटतेय एवढं मात्र कळलं, आणि तो पार खचला.

तेवढ्यात नवरी हसली. तेच, पत्र्यापलीकडचं हसू.

"अप्पा, बसा खाली," सुमन म्हणाली. "एक म्हणजे माझ्या सासूबाई. आणि यांनी खोटं काय लिहिलंय? कुठल्याही घरात एक नंबर सासूच असते. सून जाते ती दोन नंबरलाच. बाकीचे नवरे ताटात लिहीत नाहीत, एवढंच."

मांडवातल्या बायका पोट धरधरून हसल्या. ज्यांच्या सुना शेजारी बसल्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. अप्पांनी गाठ पुन्हा घट्ट केली. गोदाक्कांनी डोळे पुसले आणि नारबाला म्हणाल्या, जा बाबा, आता सुखानं घरी जा, आणि आज तरी काही ध्यानात ठेवू नकोस.

वरात घरी पोचली. आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप होतं. मांडवात काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं गाव तिच्याच नावानं हसत होतं आणि तिलाच ठाऊक नव्हतं.

"ये गं सुमन, आत ये," आई म्हणाली.

सुमननं पाऊल उचललं. नारबानं तिला हातानं अडवलं.

"आई, नीट हाक मार," तो समजावून म्हणाला. "नुसती सुमन नाही. ही माझी सुमन दोन आहे."

आईच्या हातातलं ताट कलंडलं. ती उंबऱ्यापाशी मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अरे मेल्या, मग पहिली कुठं ठेवलीस?"