आधी कोणाचा विषय?

फार जुनी गोष्ट आहे, रानाचे कायदे रानातच ठरत तेव्हाची. उन्हाळ्यात पाणवठ्याशेजारी सभा भरायची, आणि सभा आटोपली की मगच सगळे पाणी प्यायला जायचे.

त्या वर्षी विषय दोनच होते. वानरांचे म्होरके शेपटेराव यांना आंब्याची सगळी झाडं फक्त वानरांसाठी हवी होती. साळिंदरांच्या साळूमावशीला पाणवठ्यावर रांग हवी होती, कारण रेटारेटीत पिल्लं तुडवली जात होती.

"आधी माझा विषय!" शेपटेराव सभेआधीच अडून बसले.

"घ्या की राव," मावशी म्हणाली. "माझा शेवटी घेतला तरी चालेल."

शेपटेराव मनातल्या मनात नाचले.

सभा भरली तेव्हा सगळे ताजेतवाने होते. पोपट बोलला, खार बोलली, अस्वल तर दोनदा बोललं. शेवटी वानरांच्या वाट्याला जेमतेम निम्मी झाडं आली. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, घसे कोरडे पडले होते. मावशीने रांगेचं नाव काढताच सगळे ओरडले, "मंजूर!"

शेपटेराव डोकं खाजवत राहिले.

पुढच्या सभेतही दोघांचे नवे विषय होते. शेपटेराव गोड आवाजात म्हणाले, "मावशी, आज आधी तुमचा विषय."

"छे हो, पहिला मान तुमचा!"

"नाही नाही, आधी तुम्ही!"

दुपार झाली तरी हे संपेना. शेपटेरावांनी वळून पाहिलं, तर सभा रिकामी! सगळे पाणवठ्यावर पिल्लांना पुढे करून रांगेत उभे होते.

दोघं धावतच रांगेच्या शेवटाला गेले. तिथे मात्र "आधी तुम्ही" कोणीच म्हणालं नाही.