कोऱ्या रकान्याशेजारचा अंगठा

कचेरीच्या कपाटाला कुलूप लागत नसे, त्या काळातली गोष्ट. एका ग्रामपंचायतीतला रबरी शिक्का जुन्या जन्मनोंदवहीला रोज हिणवी, "तुझ्या पानांना कसर लागली. गाव चालतं ते माझ्या ठशावर!"

एकदा म्हाताऱ्या सगुणाबाई जन्माचा दाखला मागायला आल्या. ग्रामसेवकांनी वही उघडली. नोंद बारशाआधीची, म्हणून नावाचा रकाना कोराच होता. शिक्का मनात हसला.

सगुणाबाईंचं बोट शेजारच्या पुसट अंगठ्यावर थांबलं. "भाऊसाहेब, ह्यो कुणाचा?"

"तुमच्या वडिलांचा, आजी. मुलगी झाली म्हणून सांगायला आले होते."

"माझा बा! मला समज यायच्या आधीच गेला वो." त्यांनी त्या ठशावर कपाळ टेकलं.

ग्रामसेवकांनी रकान्यात नाव लिहिलं, दाखला केला आणि शिक्का उचलला. एरवी धाडकन आपटणारा तो, त्या दाखल्यावर मात्र सगुणाबाईंच्या कपाळासारखा अलगद टेकला.