मुकुंदाने कंपनीचा दंड वाचवला

निंबवडे गावात मुकुंदा खटावे नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. भोळा हा त्याच्या बायकोचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता.

बायकोचं नाव शालन. ती घरबसल्या पेटी शिकवायची. दुबईची, मस्कतची मराठी पोरं संध्याकाळी पडद्यावर यायची. ही इकडून सा लावायची, ती तिकडून लावायची. घर त्या शिकवणीवर चालायचं, म्हणजे नेटवर चालायचं. आणि नेट होतं झपाटा कंपनीचं.

झपाटाने सुरुवातीला स्वस्तात दिलं होतं. नवं गिऱ्हाईक म्हणजे नवा जावई, कंपनी पाट मांडते, ओवाळते. सहा महिन्यांत जावई जुना झाला आणि बिल दुप्पट झालं. वर वेग असा, की शालनचा सा मस्कतला पोचेपर्यंत इकडे ती पंचमावर पोचलेली असायची.

शालन म्हणाली, "अहो, बाजारपेठेत आणखी कंपन्या आहेत. कोणाचं स्वस्त पडतं ते बघून या. पण माझी शिकवणी बुडता कामा नये. बुडाली की पोरं दुसरी बाई शोधतात."

मुकुंदा गेला. सुसाट कंपनीच्या दारावर भला मोठा फलक होता. तो वाचून तो तसाच मागे फिरला.

"शालन, नव्व्याण्णव रुपयांत महिना. देवमाणसं आहेत."

"आणि दुसऱ्या महिन्यापासून?"

"दुसरा महिना फलकावर नव्हता."

"कसा असेल? पहिल्या महिन्याच्या भावावर जाऊ नये. वर्षाला किती पडतं ते विचारावं, मगच घ्यावं."

"आता विचारीन," मुकुंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं. भाजीवाल्या रखमाबाईंनी जुडी पुढे केली.

"दहा रुपये."

"वर्षाला किती?"

"कशाचं वर्षाला?"

मुकुंदाने बोटांवर मोजलं. रोजची एक जुडी धरली, तर साडेतीन हजारांच्या वर जात होतं. त्याने जुडी खाली ठेवली. "बाई, माणसानं इतकं महाग विकू नये."

तो रिकाम्या हाताने घरी आला, पण वर्षाचे साडेतीन हजार वाचवून आला. त्या दिवशी आमटीवर कोथिंबीर पडली नाही. मुकुंदावर मात्र बरंच काही पडलं.

"भाजीला असला हिशेब लावतात का? भाजी हातात घ्यावी, वास घ्यावा, देठ मोडून बघावा. कट्‌कन मोडला तर ताजी, मगच घ्यावी."

"आता मोडून बघीन."

मग तो पुन्हा सुसाटच्या दुकानात गेला. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. नेट विकणाऱ्याला गोड बोलावंच लागतं, वेग नंतर यायचा असतो. "साहेब, आमची लाइन फायबरची. आत काचेचा तंतू. ही बघा, दुकानात आम्ही हीच वापरतो."

मुकुंदाने केबल हातात घेतली. वास घेतला. मग मोडली. कट्‌कन मोडली.

"ताजी आहे," तो म्हणाला. "द्या."

दुकानातले सगळे पडदे एकदम काळे झाले. आतून मॅनेजर आला आणि त्याने वर्षाच्या भावाआधी मुकुंदाला बाहेरचा रस्ता दाखवला.

शालनने कपाळाला हात लावला. "अहो, तिथं काही मोडायचं नसतं, विचारायचं असतं. यात काय काय आलं, वरून काय लागणार? राउटर धरून की वेगळा? जोडणी धरून की वेगळी? आधी विचारलं की मागाहून वाद नाही."

"आता आधी विचारीन."

संध्याकाळी शेजारच्या जंगमकाकू नातवाच्या बारशाचं आमंत्रण घेऊन आल्या. मुकुंदा दारातच होता.

"मुकुंदा, उद्या दोघं जेवायला या हं."

"यात काय काय आलं, काकू?"

"श्रीखंड-पुरी आहे, मसालेभात आहे."

"वरून काय लागणार?"

"वरून कसलं रे? आशीर्वाद द्या म्हणजे झालं."

"तसं नव्हे. आहेर धरून की आहेर वेगळा?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, कुंकवाचा करंडा मिटला आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

शालन त्या दिवशी ओरडलीसुद्धा नाही. खाली बसून म्हणाली, "माणसांशी असं वागतात का? कोणी आपुलकीनं विचारलं तर सरळ उत्तर द्यावं. आणि जे तोंडातून निघालं ते करून दाखवावं. शब्दाला जागावं, एवढं तरी लक्षात ठेवा."

"आता शब्दाला जागेन."

शेवटी शालनने स्वतःच फोन फिरवले. चहा उकळेपर्यंत सगळ्यांचे वर्षाचे भाव, राउटर, जोडणी, कर असं सगळं विचारून झालं. सुसाटच स्वस्त निघालं. जोडणीचा दिवसही ठरला. एकच अडचण राहिली. झपाटाचा करार वर्षाचा होता आणि मध्येच सोडलं तर बाराशे रुपये दंड होता. घरच सोडून जाणाऱ्याला तेवढा तो माफ.

शालन पेटी घेऊन चार दिवस मिरजेला बहिणीकडे निघाली. शिकवणी तिथूनच घेणार होती. जाताना म्हणाली, "झपाटाचा फोन येईल. त्यांना सांगा, आम्ही घर सोडतोय. सगळे तसंच सांगतात."

फोन आला. बाई फारच आपुलकीनं बोलत होती. बिल भरताना कधी बोलली नव्हती इतकी. "सर, आम्हाला का सोडताय?"

"घर सोडतोय," मुकुंदा म्हणाला.

"ठीक आहे सर. आमचा माणूस येऊन बघून जाईल, मग दंड माफ."

मुकुंदाने फोन ठेवला आणि तो उभ्या उभ्या विचारात पडला. शब्द तर तोंडातून निघाला होता.

चार दिवसांनी शालन एसटीतून उतरली. सहाला शिकवणी होती, म्हणून ती भरभर चालत आली. घरासमोरच्या दोरीवर कोणाच्या तरी साड्या वाळत होत्या. रस्त्याकडेला गादीच्या वळकटीवर मुकुंदा बसला होता, शेजारी भांड्यांची पोती. चेहरा एकदम प्रसन्न.

"शालन, दंड माफ. माणूस आला, रिकामं घर बघितलं आणि सही करून गेला."

"आणि या साड्या कोणाच्या?"

"भाडेकरूबाईंच्या. घर सोडल्यासारखं नुसतं दाखवणं मला पटेना. रीतसर अकरा महिन्यांचा करार केलाय, नोंदणीसकट."

शालनने पेटी खाली ठेवली. "आणि सुसाटचं नेट?"

"आलं की. ठरल्या दिवशी बसवून गेले. बाई म्हणतात, काय वेग आहे."

सहा वाजले. मस्कतची पोरं पडद्यासमोर येऊन बसली असतील. घराच्या खिडकीतून कुठल्याशा मालिकेचा आवाज येत होता, एकदाही न अडकता.

"अहो," शालन हळूच म्हणाली, "आपण कुठं राहायचं?"

मुकुंदाने थोडा विचार केला.

"ते काही कंपनीनं विचारलं नाही."